रिती कावड

कागलास कीर्तन आटोपले, बुक्का लावून मंडळी पांगली, आणि रामेश्वरास निघालेले एक वृद्ध वारकरी जवळ येऊन पुसते झाले की काशीचे गंगाजल काही मिळाले नाही, तर यात्रा फुकट जाईल काय? त्यांना शांतिब्रह्म श्रीएकनाथमहाराजांचे चरित्र सांगितले, तेच येथे थोडक्यात मांडतो.

भानुदासांच्या कुळात पैठणास नाथ जन्मले. आईबाप बाळपणीच गेले. आजोबा चक्रपाणींनी नातवाला वाढवले. पोरवयातच नाथांनी देवगिरी गाठून जनार्दनस्वामींचे पाय धरले. गुरुसेवा, तप, तीर्थाटन झाले. मग गुरुआज्ञेने गिरिजाबाईंसह पैठणास प्रपंच केला. एकादश स्कंधावरील टीका त्यांनी शके १४९५ (इ. स. १५७३) मध्ये काशीस पूर्ण केली. सर्वां भूती भगवंत पाहावा, हे त्या ग्रंथाचे मर्म. शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली.

आता रामेश्वर म्हणजे दक्षिणेकडचे समुद्रातले बेट, बारा ज्योतिर्लिंगांतले एक स्थान. काशीची गंगा तेथील लिंगावर घालायची आणि सेतूची वाळू गंगेत सोडायची, ही यात्रेची रीत. पांबनच्या खाडीवर आगगाडीचा पूल १९१४ साली झाला, मोटारींचा १९८८ साली, आणि आगगाडीचा नवा पूल २०२५ साली. नाथांच्या काळी यातले काहीच नव्हते. खांद्यावर कावड घेऊन शेकडो कोस पायी चालायचे. त्या पाण्याचा एकेक थेंब किती मोलाचा, हे ध्यानी घ्यावे.

परंपरा सांगते की अशी कावड घेऊन नाथ रामेश्वराच्या वाटेवर असता, तापल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडताना दिसले. बरोबरचे यात्रेकरू हळहळले, पण कावडीला कोणी हात लावीना. माणसे वाईट नव्हती हो! देवाचे पाणी, नेम मोडेल, ही त्यांची भीती खरीच होती. नाथांनी मात्र कावड उतरवली आणि ती गंगा गाढवाच्या मुखी घातली. जनावर उठून उभे राहिले. नाथांचा अभिषेक तेथेच पावला.

हे एकदाच घडले असे नव्हे. गोदेच्या तापल्या वाळवंटात रडणारे, अस्पृश्य मानलेल्या घरचे लेकरू त्यांनी कडेवर उचलून घरी पोचते केले. शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी गोदावरीत देह ठेवला.

एक गोष्ट मात्र राहिली. ज्याने मुक्या जिवासाठी कावड रिती केली, त्याच्या घरी द्वारकेचा राणा श्रीखंड्या होऊन बारा वर्षे कावडीने पाणी वाहत होता, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. तो रांजण पैठणास आजही दाखवतात.

म्हणून त्या बाबांना इतकेच सांगितले : गंगाजल मिळाले तर जरूर न्यावे, रीत मोडू नये. न मिळाले तर खंत करू नये. पण वाटेत तहानलेला जीव दिसला नि आपण तसेच पुढे गेलो, तर भरली कावडही रितीच समजावी. पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!