बाबूराव पेंटर: शंभर वर्षांपूर्वी टेक्स्चरच्या कोड्याशी झटलेला माणूस

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी रोब्लॉक्स स्टुडिओमध्ये एक ट्रक बनवायला घेतला. आमचं घर भिवंडीत, टेमघरला. लहानपणापासून दारासमोरून काय जातं, तर ट्रक. कापडाचे तागे भरलेले, वर ताडपत्री, मागे रंगवलेलं कमळ. बाबांनी वीस वर्षं असाच एक ट्रक चालवला. तो विकून आता बराच काळ झाला आणि त्याचा घरात एकच फोटो आहे, तोही हललेला. म्हटलं, निदान गेममध्ये तरी तो परत उभा करू.

ब्लेंडरमध्ये आकार जमला. पत्र्याच्या टेक्स्चरसाठी मी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या तशाच एका ट्रकचे भर दुपारी मोबाइलवर फोटो काढले आणि मॉडेलवर चिकटवले. लॅपटॉपवर एकदम भारी दिसत होतं. मग गेममध्ये संध्याकाळ केली, फोनवर गेम उघडला आणि बाबांना दाखवला. त्यांनी दोन बोटांनी झूम करून पाहिलं आणि विचारलं की सूर्य तिकडे मावळतोय, तर केबिनच्या छज्जाची सावली दुपारसारखी सरळ खाली कशी? आणि पत्रा असा कागदासारखा का दिसतोय?

बारा वर्षांचा ट्रकमालकही हा प्रश्न विचारेल, पण माझ्यासारख्या इंजिनिअरला तो सुचला नव्हता. याचं उत्तर शोधताना मी ज्या माणसापर्यंत पोचलो, त्याने आयुष्यात कॉम्प्युटर पाहिला नाही. त्याचं नाव बाबूराव पेंटर.

मेस्त्रींचा मुलगा

पेंटर हे त्यांचं आडनाव नव्हे. ते बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म ३ जून १८९०, कोल्हापूर. घराणं कारागिरांचं. वडिलांच्या हातात कला होती आणि बाबूराव चित्रं नि मूर्ती बनवायला घरातच शिकले. आर्ट स्कूलचा शिक्का नाही. त्यांच्यासोबत होते त्यांचे चुलत भाऊ आनंदराव. साधारण १९१० ते १९१६ या काळात नाटकांचे पडदे रंगवण्यात या दोघा भावांचा हात धरणारं फार कोणी नव्हतं.

संगीत नाटकांचा तो ऐन बहराचा काळ. राजवाडा, अरण्य, रस्ता, देऊळ, प्रत्येक प्रवेशाला मागे एक गुंडाळी उलगडायची आणि जागा बदलायची. सपाट कापडावर खांब असे रंगवायचे की प्रेक्षकाला वाटावं, त्यामागे लपता येईल. आता हेच आपल्या भाषेत सांगतो. सपाट पृष्ठभाग आणि त्यावर चित्र, म्हणजेच टेक्स्चर मॅपिंग. कॉम्प्युटरमध्ये ही युक्ती एड कॅटमल याने १९७४ च्या आपल्या प्रबंधात मांडली. कोल्हापुरातले पडदे त्याच्या साठ वर्षं आधीचे.

पडदा नाटकात खपून जायचा, कारण तिथे दोन गोष्टी पक्क्या होत्या. प्रेक्षक आपल्या खुर्चीवर बसून राहायचा आणि दिवे जागचे हलत नव्हते. त्यामुळे उजेड कुठून येतोय हे चित्रकाराने एकदाच ठरवायचं, खांबाची सावली त्या हिशेबाने रंगवून टाकायची आणि विसरून जायचं. गेम डेव्हलपर याला बेक केलेला प्रकाश म्हणतात, म्हणजे चित्रातच भाजून पक्का केलेला. मीही माझ्या ट्रकवर नकळत भिवंडीची दुपार भाजून ठेवली होती.

कॅमेरा नाही, तर बनवू

१९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या भावांना सिनेमाचं वेड लागलं. पण करायचं कशाने? परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता. त्यांनी मुंबईहून एक जुना प्रोजेक्टर मिळवला आणि त्यावरून कॅमेरा कसा चालत असेल याचा अंदाज बांधायला सुरुवात केली.

इथे मी जरा थांबणार आहे, कारण हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. कॅमेरा म्हणजे फक्त भिंग नि पेटी नव्हे. त्यात फिल्मची पट्टी सलग धावत नाही, ती धक्क्याधक्क्याने सरकते. पट्टीच्या कडेच्या भोकांत एक आकडा अडकतो, तो पट्टी एक चौकट खाली ओढतो आणि सुटतो. पट्टी थांबली की झडप उघडते, उजेड आत येतो, झडप बंद होते, मग पुन्हा ओढ. मूकपटांच्या काळात हे सेकंदाला साधारण सोळा वेळा व्हायचं, तेही हाताने हँडल फिरवून. आकडा आणि झडप यांची वेळ केसाएवढी चुकली तरी चित्र पुसट. प्रोजेक्टरमध्ये हीच यंत्रणा असते, फक्त उजेड उलट दिशेने जातो. म्हणून प्रोजेक्टर उघडून कॅमेरा शिकणं हा चक्रमपणा नव्हता, चांगलं रिव्हर्स इंजिनिअरिंग होतं. फरक इतकाच, की आपण कोड चुकला तर अनडू दाबतो. त्यांचा दातेरी चाकाचा एक दात चुकला की धातूचा नवा तुकडा घ्यायचा आणि पुन्हा कानस चालवायची.

हे चालू असताना १९१६ मध्ये आनंदराव गेले. ज्याच्यासोबत स्वप्न पाहिलं तोच नाही आणि टेबलावर अर्धवट यंत्र. बाबूरावांनी ते गुंडाळून ठेवलं असतं तर कोणी नावं ठेवली नसती. पडद्यांच्या कामाने पोट भरत होतंच. पण त्यांनी आपले शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी घेतलं आणि १९१८ मध्ये कॅमेरा चालू केला. त्याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. भांडवल दिलं गायिका तानीबाई कागलकर यांनी. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात कलावंताला आधार मिळायचा, तसा तो यांनाही मिळाला. (तानीबाईंचं नाव ‘स्टार्टअप’च्या गप्पांत कधी ऐकलंय? मीही नव्हतं ऐकलं.)

पडदा खाली उतरला

कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्यात झळकला. त्यातला भीमाने कीचकाला मारण्याचा प्रसंग इतका खरा वाटला, की सरकारने तो काढायला लावला. लोकमान्य टिळकांनी चित्रपट पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

पण माझ्या ट्रकच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. पडदे रंगवून नाव कमावलेल्या माणसाने सिनेमात रंगवलेल्या पडद्यांवर भिस्त ठेवली नाही. त्याने भरीव सेट उभारले. खरी जाडी असलेल्या भिंती, खरे खांब, माणसं राहत असावीत असं वाटणाऱ्या खोल्या. आपल्या सगळ्यात पक्क्या कौशल्यावरच पाणी सोडण्यासारखं होतं ते. मी सहा वर्षं एका प्रोग्रॅमिंग भाषेत काम करतोय, ती सोडायची म्हटलं तरी पोटात गोळा येतो.

कारण समजून घ्या. त्या काळी शूटिंग मुख्यतः सूर्यप्रकाशात व्हायचं. पडद्यावरच्या खांबाची सावली डावीकडे रंगवलेली, तर समोर उभ्या नटाची खरी सावली उजवीकडे. तासाभराने सूर्य सरकला की नटाची सावली सरकते, पडद्यावरची तिथेच. वाऱ्याने कापड हललं तर राजवाडाच डुलतो. नाटकाच्या प्रेक्षकाला जे चालत होतं, ते कॅमेऱ्याला चालेना. गेममध्ये तर आणखी कठीण, कारण तिथे खेळणारा वस्तूभोवती फिरतो.

त्यातून रंगांचा घोळ. तेव्हाची फिल्म काळी-पांढरी तर होतीच, शिवाय तिला लाल रंग जवळजवळ दिसत नव्हता. लाल लुगडं काळं यायचं आणि निळं आकाश पांढरंफटक. म्हणजे डोळ्याला जे सुंदर दिसतं ते फिल्मवर कसं उतरेल, याचं भाषांतर डोक्यात करावं लागायचं. बाबूराव प्रसंगांची, पोशाखांची, सेटची रेखाटनं आधी स्वतः करत. आज गेम स्टुडिओ ज्याला कन्सेप्ट आर्ट म्हणतात तेच हे.

मग १९२३ चा ‘सिंहगड’, हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीवरचा. त्यात त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. आपल्याकडच्या सिनेमात असं करणाऱ्यांत ते अगदी पहिले. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. आधी त्यांनी वस्तूला खरा आकार दिला आणि नंतर उजेड आपल्या हातात घेतला. सावली रंगवायची नाही, ती पडू द्यायची.

ट्रककडे परत

मी छज्जाचं चित्र काढून टाकलं आणि छज्जा खरोखरचा, जाडीसकट बनवला. सावली आपोआप योग्य जागी पडायला लागली. ढगाळ दिवशी पुन्हा फोटो काढले, कारण तेव्हा उजेड सगळीकडून सारखा येतो आणि फोटोत सावल्या भाजल्या जात नाहीत.

राहिला कागदासारखा पत्रा. यासाठी रोब्लॉक्समध्ये ‘सरफेस अपिअरन्स’ नावाची सोय आहे. तिथे एका चित्राऐवजी चार द्यायची. पहिलं फक्त रंगाचं. दुसरं नॉर्मल मॅप. ते निळसर-जांभळं दिसतं आणि पृष्ठभाग कुठे कलला आहे, कुठे पोचा आहे हे सांगतं. तिसरं रफनेस, म्हणजे खरखरीतपणा. चौथं धातू कुठे आहे ते. शेवटची दोन काळी-पांढरी असतात. रफनेसमध्ये काळं म्हणजे गुळगुळीत, चमकणारं आणि पांढरं म्हणजे खरखरीत, उजेड विखुरणारं. लाल पत्र्यावर धूळ बसली की रंग थोडाच बदलतो, खरा बदल चमकेत होतो. मी धूळ रंगाच्या चित्रात तपकिरी फासत बसलो होतो. ती रफनेसमध्ये टाकल्यावर काम झालं. दरवाजाच्या हँडलभोवती मात्र हात लागून लागून पत्रा गुळगुळीत झालेला असतो, तिथे काळा ठिपका दिला.

पृष्ठभागावरच्या चमकेचं हे गणित मांडणाऱ्यांतलं एक मोठं नाव ब्वी तुओंग फाँग. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात याच तरुणाने १९७३ मध्ये त्यावर प्रबंध लिहिला. तिथल्याच विद्यार्थ्यांनी १९७२ मध्ये आपल्या प्राध्यापकाच्या घरची फोक्सवॅगन बीटल हाताने मोजून, अंगावर रेषा आखून कॉम्प्युटरमध्ये चढवली होती. गेममधल्या प्रत्येक गाडीची ती पणजी. फाँग १९७५ मध्ये वारला, अवघ्या बत्तिशीत.

झोपडी

बाबूरावांचा १९२५ चा ‘सावकारी पाश’ हा माझ्या मते त्यांचा सगळ्यात धाडसी चित्रपट. देव नाहीत, किल्ले नाहीत, चमत्कार नाहीत. नारायण हरी आपट्यांच्या कथेवरून, सावकाराने जमीन गिळलेला एक शेतकरी आणि पोटासाठी शहरातल्या गिरणीत जाणं. तरुण शेतकरी झाला होता व्ही. शांताराम. खरेपणाची सगळी साधनं या माणसाने सिंहासनावरून उतरवून एका गरिबाच्या झोपडीत आणली. भिवंडीत मागावर काम करायला गाव सोडून आलेली माणसं पाहत मी मोठा झालो, म्हणून ही गोष्ट मला जुनी वाटत नाही. तेव्हाच्या प्रेक्षकांना मात्र ती फारशी रुचली नाही आणि कंपनी पुन्हा पौराणिक विषयांकडे वळली.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम बाहेर पडले आणि त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. पुढे दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. गुरूची कंपनी मात्र बंद पडली. बोलपट आले. बाबूरावांनी ‘उषा’, बोलका ‘सावकारी पाश’, ‘प्रतिभा’ असे मोजके बोलपट केले, पण पहिला जोर परत आला नाही. ते चित्रं आणि शिल्पं यांच्याकडे अधिक रमले. १६ जानेवारी १९५४ ला कोल्हापुरातच ते गेले.

त्यांच्या मूकपटांपैकी बहुतेक आज पाहायला मिळत नाहीत. तेव्हाची नायट्रेट फिल्म चटकन पेटायची आणि नुसती पडून राहिली तरी कुजायची. एवढ्या कष्टाने उभे केलेले खरे खांब, खऱ्या सावल्या, आज आपल्यापर्यंत पोचतात त्या काही छायाचित्रांतून, जाहिरातींतून आणि लोकांनी लिहून ठेवलेल्या आठवणींतून. आमच्या घरातल्या त्या एका हललेल्या फोटोसारखंच.

ट्रक अजून पुरा झालेला नाही. बाबांनी परवा पुन्हा पाहिला. सावली बरोबर आहे म्हणाले. मग सांगितलं की डाव्या दरवाजाचं हँडल तुटलेलं होतं, तिथे तार बांधलेली असायची आणि त्या तारेने खाली अर्धगोल ओरखडा पडला होता. आज रात्री तो रफनेस मॅपमध्ये काढायचाय.