निराधार अर्भकांच्या माता सावित्रीबाई

आम्ही राहतो ते जानकीपुरम शेतात सापडलेल्या एका कन्येच्या नावाचे. जनकराजाने तिचे कुळ विचारले नाही. पुण्यात सावित्रीबाई फुले यांनीही विचारले नाही.

नायगावी १८३१ साली जन्मलेल्या सावित्रीबाईंचे नाव मुलींच्या शाळेमुळे सर्वतोमुखी आहे. परंतु १८६३ साली जोतीरावांसह स्वतःच्या घरी त्यांनी उघडलेले बालहत्या प्रतिबंधक गृह आम्हांस अधिक धाडसाचे वाटते. विधवेने गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा ठेवून जावे. १८८४ पर्यंत तेथे ३५ जणी आल्या. गर्भ पाडण्यासाठी आधीच घेतलेल्या विषारी औषधांमुळे बहुतेक अर्भके दगावली. तरी दार मिटले नाही. काशीबाई या ब्राह्मण विधवेचा यशवंत त्यांनी दत्तक घेतला व डॉक्टर केला.

उत्तर प्रदेश शासनाने २०२१ साली कोविडमुळे पोरक्या झालेल्या बालकांस दरमहा ४,००० रुपये देऊ केले. योजना चांगलीच, पण आम्हां सरकारी नोकरांचे काम दाखल्यांवाचून चालत नाही. सावित्रीबाईंकडे गुप्ततेचीच हमी होती.

१८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या एका आजारी मुलास पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या. १० मार्च रोजी त्याच रोगाने त्यांचे निधन झाले.