विश्लेषण : जुन्या गोव्यातील ‘से कॅथेड्रल’ संत कॅथरीन यांच्या नावाने का?

संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष दर दहा वर्षांनी दर्शनासाठी जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलमध्ये आणले जातात. २०२४-२५ मध्येही तिथे मोठी गर्दी झाली होती. मात्र हे कॅथेड्रल झेवियर यांच्या नावाने नाही. ते इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीन यांना समर्पित आहे. त्यांचे नाव गोव्याशी कसे जोडले गेले?

संत कॅथरीन कोण होत्या?

ख्रिस्ती परंपरेनुसार, अलेक्झांड्रियातील एका उच्च कुळात जन्मलेली ही चौथ्या शतकाच्या सुरुवातीची विदुषी तरुणी. ख्रिस्ती लोकांच्या छळाबद्दल तिने थेट रोमन सम्राटालाच जाब विचारला. तिला वादात हरवण्यासाठी ५० पंडित बोलावले गेले. पण तिचे म्हणणे ऐकून तेच ख्रिस्ती झाले आणि त्यांना मृत्युदंड मिळाला. कॅथरीन यांना खिळ्यांच्या चाकावर मारायचे ठरले, पण चाकच मोडले. अखेर त्यांचा शिरच्छेद झाला.

म्हणूनच त्यांच्या चित्रात मोडलेले चाक दिसते. फिरणाऱ्या एका फटाक्याला इंग्रजीत आजही ‘कॅथरीन व्हील’ म्हणतात. आपल्या भुईचक्राचा तो भाऊबंदच. विद्यार्थी आणि तत्त्वज्ञ त्यांना आपल्या पाठीराख्या संत मानतात.

गोव्याशी संबंध काय?

संबंध आहे तो तारखेचा. त्यांचा सण २५ नोव्हेंबरला असतो. १५१० मध्ये याच दिवशी अफोन्सो द आल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा जिंकले. विजयाचे श्रेय त्या दिवसाच्या संताला देण्यात आले आणि शहरात त्यांच्या नावाचे चॅपल उभे राहिले. १५३४ मध्ये त्याला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला. सध्याच्या भव्य वास्तूचे काम १५६२ मध्ये सुरू झाले. मुख्य वेदीवर सोनेरी कोरीवकामात कॅथरीन यांच्या आयुष्यातील प्रसंग आहेत.

या विजयाची दुसरी बाजू कोणती?

गोवा जिंकल्यावर आल्बुकर्कच्या हुकमाने शहरातील मुसलमानांची कत्तल झाली. स्त्रिया आणि मुलेही त्यातून सुटली नाहीत. मृतांचा आकडा सुमारे ६ हजार असल्याचे त्याने स्वतःच पोर्तुगालच्या राजाला कळवले होते. श्रद्धेसाठी छळ सोसलेल्या स्त्रीचा सण अशा रीतीने दुसऱ्या धर्माच्या लोकांच्या कत्तलीशी जोडला गेला.

कॅथरीन खरोखर होऊन गेल्या का?

त्यांच्या काळातील एकही नोंद मिळत नाही. त्यांची कथा लिखित स्वरूपात दिसते ती काही शतकांनंतर. अलेक्झांड्रियातच ४१५ मध्ये ख्रिस्ती जमावाने ठार केलेल्या हायपेशिया या गणितज्ञ स्त्रीची छाया या कथेवर असावी, असे काही अभ्यासक मानतात. पुराव्याअभावी १९६९ मध्ये कॅथलिक चर्चने हा सण आपल्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून वगळला. २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांच्या काळात तो ऐच्छिक स्वरूपात परत आला.

आज काय स्थिती?

से कॅथेड्रल जुन्या गोव्यातील इतर चर्चसह १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. झेवियर यांचा सण ३ डिसेंबरला असतो आणि त्याआधीची नऊ दिवसांची प्रार्थना २४ नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होते. त्यामुळे कॅथरीन यांचा दिवस येतो तोही झेवियर यांच्यासाठी जमलेल्या गर्दीतच.