लोकनायक आणि मुका आजार

२२ नोव्हेंबर १९७५ रोजी मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्र्याहत्तर वर्षांचे एक रुग्ण दाखल झाले. दहा दिवसांपूर्वीपर्यंत ते चंडीगढ येथे स्थानबद्ध होते. देशात आणीबाणी होती, वृत्तपत्रांवर निर्बंध होते. त्यामुळे या रुग्णाच्या प्रकृतीची वार्ता छापील शब्दांपेक्षा कुजबुजीतूनच अधिक पसरली. रुग्णाचे नाव होते जयप्रकाश नारायण. तपासणीअंती निघालेला निष्कर्ष गंभीर होता. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि ती पूर्ववत होण्याची आशा उरली नव्हती. येथून पुढचे त्यांचे आयुष्य डायलिसिसच्या यंत्राशी बांधले गेले.

जयप्रकाशांच्या राजकारणावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या आजाराची कथा मात्र आणीबाणीच्या इतिहासातील एक तळटीप म्हणूनच उरली. वस्तुतः मूत्रपिंडाचा विकार किती नकळत वाढतो आणि त्याचे निदान झाल्यावरही माणूस काय करू शकतो, या दोन्ही गोष्टी सांगणारे इतके ठळक चरित्र आपल्या सार्वजनिक जीवनात दुसरे क्वचितच सापडेल.

११ ऑक्टोबर १९०२ रोजी गंगा आणि शरयू यांच्या संगमाजवळील सिताबदियारा या गावी त्यांचा जन्म झाला. १९२० मध्ये प्रभावतीदेवींशी विवाह झाला. असहकाराच्या लाटेत त्यांनी महाविद्यालय सोडले आणि १९२२ मध्ये ते अमेरिकेस गेले. तेथे फळबागांत, कारखान्यांत, उपाहारगृहांत मोलमजुरी करीत त्यांनी शिक्षण घेतले. १९२९ मध्ये ते परतले तेव्हा मार्क्सवादी विचारांचा पगडा त्यांच्या मनावर होता. महाराष्ट्राशी त्यांचा पहिला गाढ संबंध जुळला तो नाशिकच्या तुरुंगात. १९३२ च्या कायदेभंगात तेथे बंदिवान असताना अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, मिनू मसानी यांच्यासमवेत झालेल्या चर्चांतून समाजवादी पक्षाची कल्पना आकारास आली आणि १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन झाला.

शरीराची पर्वा न करणे हा या माणसाचा स्वभावच होता. देवळीच्या बंदिछावणीतील उपोषण, १९४२ च्या दिवाळीच्या रात्री धोतरांची दोरी करून हजारीबागच्या तुरुंगाची भिंत ओलांडणे, नेपाळच्या तराईतील भूमिगत जीवन, पुन्हा अटक आणि लाहोरच्या किल्ल्यातील दिवसरात्र चालणारी चौकशी, या साऱ्यांतून ते गेले. स्वातंत्र्यानंतर सत्तेची वाट त्यांनी धरली नाही. १९५४ मध्ये त्यांनी भूदान चळवळीसाठी जीवनदान केले. १९७२ मध्ये चंबळच्या दरोडेखोरांनी त्यांच्यासमोर शस्त्रे ठेवली. मात्र शरीर आपला हिशोब ठेवीतच असते. मधुमेह त्यांना फार वर्षांपासून होता. १९७३ च्या एप्रिलमध्ये प्रभावतीदेवी कर्करोगाने निवर्तल्या आणि त्यांची काळजी वाहणारे घरातले माणूस गेले. १९७४ मध्ये बिहारच्या आंदोलनाचे नेतृत्व शिरावर घेतल्यावर लगेच त्यांना वेल्लोर येथे प्रोस्टेट ग्रंथीच्या शस्त्रक्रियेसाठी जावे लागले. परतल्यावर ५ जून रोजी पाटण्याच्या गांधी मैदानावर त्यांनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली.

मूत्रपिंडाच्या दृष्टीने पाहता, या धावपळीच्या वर्षांतच धोक्याच्या खुणा एकत्र जमत होत्या. आपल्या पाठीच्या दोन्ही बाजूंना असलेल्या मुठीएवढ्या या दोन अवयवांत प्रत्येकी सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसभरात त्या सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील बहुतेक सारा परत रक्तात घेतला जातो आणि केवळ दीड लिटरच्या आसपास मूत्र म्हणून बाहेर पडतो. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की या गाळण्यांच्या भिंती खराब होऊ लागतात. रक्तदाब वाढला, की ही हानी वेग घेते. प्रोस्टेट वाढल्याने मूत्राचा मार्ग अडला, तर मागे साचलेल्या मूत्राचा दाब मूत्रपिंडावर येतो. मुतखडे, वारंवार होणारा जंतुसंसर्ग, काही आनुवंशिक विकार आणि वैद्यकीय सल्ल्याविना दीर्घकाळ घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या ही आणखी काही कारणे. जयप्रकाशांच्या बाबतीत नेमका कोणता घटक किती कारणीभूत ठरला, यावर त्या काळी मोठा वाद झाला. मात्र जुना मधुमेह, उतारवय आणि प्रोस्टेटचा विकार हे तिन्ही एकत्र असलेल्या व्यक्तीच्या मूत्रपिंडांवर सतत लक्ष ठेवले पाहिजे, याविषयी आज कोणताही डॉक्टर दुमत दर्शविणार नाही.

२६ जून १९७५ च्या पहाटे दिल्लीच्या गांधी शांती प्रतिष्ठानमधून त्यांना अटक झाली. देशभर धरपकड सुरू होती. मराठवाड्यात दैनिक ‘मराठवाडा’चे संपादक, वैजापूर तालुक्यातील खंडाळ्याचे अनंत भालेराव यांनाही तुरुंगवास घडला. जयप्रकाशांना आधी हरियाणातील सोहना येथे, मग दिल्लीच्या रुग्णालयात आणि जुलैच्या प्रारंभी चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत ठेवण्यात आले. म्हणजे ते बंदिवान होते ते एका नामांकित रुग्णालयातच. एकांत मात्र कठोर होता. त्या दिवसांत ते दैनंदिनी लिहीत. ती पुढे १९७७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. सप्टेंबरच्या अखेरीपासून त्यांची प्रकृती ढासळू लागली. पोटाचा त्रास, अन्नावरची वासना उडणे, वाढता अशक्तपणा अशी एकेक तक्रार पुढे आली. प्रकृती बिघडत चालल्याचे पाहून १२ नोव्हेंबरला त्यांना पॅरोलवर मुक्त करण्यात आले. काही दिवस दिल्लीत काढून ते मुंबईस आले.

या तक्रारींची यादी पुन्हा पाहिली, तर या आजाराचे फसवे रूप ध्यानात येते. भूक मंदावणे, मळमळणे, थकवा, झोप न लागणे यांपैकी एकही लक्षण थेट मूत्रपिंडाकडे बोट दाखवीत नाही. वय झाले, जेवण मानवले नाही, मनाला लागले, अशी दहा कारणे माणूस स्वतःच शोधून काढतो. मूत्रपिंड दुखत नाही. मुतखडा किंवा संसर्ग असल्याशिवाय तेथे वेदना होत नाहीत. दोन्ही मूत्रपिंडांचे मिळून निम्म्याहून अधिक कार्य मंदावेपर्यंत माणसास बहुधा काहीही जाणवत नाही. पुढे जी लक्षणे दिसतात, ती अशी : सकाळी डोळ्यांभोवती आणि संध्याकाळी घोट्यांवर येणारी सूज, लघवीला न विरणारा फेस, रात्री वारंवार उठावे लागणे, अंगाला खाज, तोंडाची चव जाणे, पायांत गोळे येणे, जिना चढताना लागणारी धाप. रक्त कमी होते, कारण तांबड्या पेशी तयार करण्याचा संदेश देणारे संप्रेरक मूत्रपिंडातच बनते. मधुमेही रुग्णाच्या बाबतीत आणखी एक चकवा असतो. मूत्रपिंड निकामी होऊ लागले, की इन्सुलिन शरीरात अधिक काळ टिकते आणि साखर आपोआप उतरू लागते. मधुमेह बरा होत असल्याचा आनंद घरात होतो आणि खरे तर तीच धोक्याची सूचना असते.

म्हणूनच लक्षणांची वाट न पाहता तपासणी करावी लागते. ती अवघड नाही. लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन जाते काय, हे पाहणे ही पहिली तपासणी. गाळणीची भिंत झिजल्याची खूण येथे सर्वांत आधी उमटते. रक्तातील क्रिएटिनिन ही दुसरी. मात्र क्रिएटिनिनचा आकडा एकटा वाचू नये. ते स्नायूंतून तयार होते. त्यामुळे धट्ट्याकट्ट्या तरुणाला निर्धोक असलेला आकडा कृश वृद्धेच्या बाबतीत निम्मे कार्य गेल्याचे दर्शवू शकतो. यासाठी वय आणि लिंग विचारात घेऊन मूत्रपिंडाच्या गाळण्याचा वेग काढतात. हा वेग मिनिटाला ६० मिलिलिटरपेक्षा कमी असेल, किंवा लघवीत अल्ब्युमिन जात असेल, आणि ही स्थिती तीन महिन्यांहून अधिक टिकली, तर तो दीर्घकालीन विकार समजला जातो. वेग १५ च्या खाली गेला, की मूत्रपिंडे निकामी झाली असे म्हणतात. सोनोग्राफीत मूत्रपिंडे आकसलेली दिसली, तर विकार जुना असल्याचे कळते आणि मार्गात अडथळा असेल तर तोही दिसतो. मधुमेह, रक्तदाब, मुतखडा किंवा घराण्यात हा विकार असलेल्यांनी वर्षातून एकदा या तपासण्या कराव्यात. त्यासाठी मोठ्या शहराची वाट धरण्याचे कारण नाही. वैजापूरसारख्या तालुक्याच्या गावीही रक्त आणि लघवी तपासणारी प्रयोगशाळा असते.

जसलोकमध्ये डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली जयप्रकाशांवर डायलिसिस सुरू झाले. हे उपचार तेव्हा भारतात नवे आणि दुर्मीळ होते. विलेम कोल्फ या डच डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कृत्रिम मूत्रपिंड तयार केले होते. परंतु एकाच रुग्णावर वर्षानुवर्षे उपचार करणे शक्य झाले ते १९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रक्तवाहिनीशी कायम जोडून ठेवता येणारी नळी शोधल्यावर. भारतात मूत्रपिंड प्रत्यारोपण वेल्लोर येथे १९७१ मध्ये यशस्वी झाले होते. पण सत्तरी ओलांडलेल्या मधुमेही रुग्णासाठी त्या काळी तो मार्ग जवळजवळ बंदच होता. आठवड्यातून ठरावीक दिवशी कित्येक तास यंत्राशी जखडून राहायचे, पाणी मोजून प्यायचे, मीठ सोडायचे, हाच दिनक्रम उरला.

घरी यंत्र हवे होते आणि त्याचा खर्च मोठा होता. सामान्य लोकांच्या लहान लहान देणग्यांतून ते घ्यावे, असे ठरले. त्या वेळी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्याकडून पंतप्रधान मदतनिधीतील नव्वद हजार रुपयांचा धनादेश आला. जयप्रकाशांनी तो साभार परत केला. ज्या यंत्रावर आपला श्वास अवलंबून आहे, ते कोणाच्या पैशातून यावे, हाही त्यांच्या लेखी तत्त्वाचाच प्रश्न होता. पुढे पाटण्यातील कदमकुआँ येथील निवासस्थानी लोकांच्या पैशाने घेतलेले यंत्र बसले.

१९७७ च्या जानेवारीत निवडणुका जाहीर झाल्या, तेव्हा हा रुग्ण घरी बसला नाही. डायलिसिसच्या दोन दिवसांमधील अंतर मोजून सभा ठरू लागल्या. परस्परांत कधी न पटलेले पक्ष एकत्र यावेत, हा आग्रह त्यांनी रुग्णशय्येवरून धरला आणि जनता पक्ष उभा राहिला. दिल्लीच्या रामलीला मैदानावर ६ फेब्रुवारीला त्यांना ऐकण्यासाठी लोटलेला जनसमुदाय आजही आठवला जातो. २४ मार्च रोजी राजघाटावर नव्या खासदारांना त्यांनी शपथ दिली. त्याच वर्षी मे महिन्यात उपचारांसाठी ते सिएटलला गेले. त्यांच्या स्थानबद्धतेतील उपचारांबद्दल संशय व्यक्त होत होते. नव्या सरकारने त्याकरिता डॉ. नागप्पा अल्वा यांचा चौकशी आयोग नेमला. जयप्रकाशांच्या मनाला अधिक लागले ते दुसरेच दुःख. ज्यांना त्यांनी एकत्र आणले, ते सत्तेवर येताच भांडू लागले होते.

२२ मार्च १९७९ रोजी एक विलक्षण प्रसंग घडला. जसलोकमध्ये ते अत्यवस्थ असताना त्यांच्या निधनाची चुकीची वार्ता दिल्लीस पोहोचली. पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत श्रद्धांजली वाहिली आणि सभागृह तहकूब झाले. इकडे रुग्णालयाबाहेर गर्दी लोटली. जयप्रकाश मात्र जिवंत होते आणि पुढे साडेसहा महिने जगले. ८ ऑक्टोबर १९७९ च्या पहाटे, सत्त्याहत्तरावा वाढदिवस तीन दिवसांवर असताना, पाटण्यात त्यांचे हृदय थांबले. १९९९ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

यंत्रावरची ही वर्षे चारला थोडीशीच कमी भरतात. त्यांत एका राजवटीचा अंत आणि दुसरीचा उदय झाला. डायलिसिस म्हणजे सारे संपले, असे मानणाऱ्या कुटुंबांनी हे आवर्जून ध्यानात घ्यावे. १९७५ मध्ये जे उपचार मोजक्या रुग्णालयांत मिळत, ते २०१६ पासूनच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांपर्यंत आले. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतही त्यांचा समावेश आहे. परंतु लोकनायकांच्या आजारातून घेण्याजोगा पहिला धडा उपचारांचा नाही. तो वेळेचा आहे. डॉक्टर भोवती असूनही हा आजार अखेरच्या टप्प्यावर पोहोचल्यावरच पूर्ण उघड झाला. आपल्या घरातील मधुमेही वडील किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी आई यांच्याभोवती तर डॉक्टरही नसतात. त्यांच्या मूत्रपिंडांची विचारपूस वर्षातून एकदा आपणच करायची असते.