कर्मवीरांनंतर कोण?

कर्मवीर भाऊराव पाटील यांचे ९ मे १९५९ रोजी पुण्यात निधन झाले, तेव्हा रयत शिक्षण संस्थेच्या हितचिंतकांना दुःखाइतकीच काळजी वाटावी अशी परिस्थिती होती. सातारा जिल्ह्यात आणि त्या वेळी दक्षिण सातारा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजच्या सांगली जिल्ह्यात असे गाव शोधावे लागले असते की, जेथील एखादा तरी मुलगा भाऊरावांच्या शाळेत किंवा वसतिगृहात शिकलेला नव्हता. ३८ वसतिगृहे, ५७८ ऐच्छिक प्राथमिक शाळा, १०८ माध्यमिक विद्यालये, सहा अध्यापक विद्यालये आणि तीन महाविद्यालये एवढा संसार एका माणसाच्या पायपिटीवर, शब्दावर आणि नैतिक दराऱ्यावर उभा राहिला होता. तो माणूस गेला. त्याच्या जागी आता कोण, हा प्रश्न अटळ होता.

कर्तृत्ववान संस्थापकाच्या पश्चात हा प्रश्न प्रत्येक संस्थेपुढे उभा राहतो आणि बहुतेक ठिकाणी त्याचे उत्तर चुकते. ज्याचा वारसा चालवायचा त्याच्यासारखाच माणूस लोक शोधू लागतात. तसा माणूस मिळत नाही. आणि जो मिळतो त्याची उंची पहिल्या दिवसापासून गेलेल्या माणसाच्या सावलीत मोजली जाते. खेळाच्या जगातील काही उदाहरणे या बाबतीत उद्बोधक आहेत. इंग्लंडमधील मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबचे विख्यात व्यवस्थापक मॅट बस्बी १९६९ मध्ये त्या पदावरून निवृत्त झाले. त्यांच्या जागी क्लबातच वाढलेले तरुण विल्फ मॅकगिनेस आले. परंतु प्रारंभी त्यांना व्यवस्थापक हे नावही मिळाले नाही आणि बस्बी वरच्या पदावर क्लबातच राहिले. डिसेंबर १९७० मध्ये मॅकगिनेस यांना जावे लागले व बस्बींनाच पुन्हा सूत्रे हाती घ्यावी लागली. त्याच क्लबाचे दुसरे थोर व्यवस्थापक ॲलेक्स फर्ग्युसन यांनी जवळजवळ २७ वर्षांनंतर २०१३ मध्ये निवृत्त होताना आपला वारस स्वतः निवडला. बाहेरून आणलेले ते डेव्हिड मॉइज दहा महिनेच टिकले. याउलट लिव्हरपूल क्लबाचे लोकप्रिय व्यवस्थापक बिल शँकली १९७४ मध्ये अकस्मात पायउतार झाले, तेव्हा १९३९ पासून त्या क्लबात प्रथम खेळाडू व नंतर प्रशिक्षक म्हणून राबलेल्या बॉब पेझली यांच्याकडे पद आले आणि निर्णयाचा अधिकारही आला. या अबोल माणसाने नऊ वर्षांत सहा वेळा इंग्लंडचे व तीन वेळा युरोपचे अजिंक्यपद मिळवून दिले. वारस घरात घडलेला असावा आणि त्याच्या हाती खरा अधिकार असावा, या दोन अटींपैकी एक जरी सुटली तरी नामवंत संस्थाही डळमळते, एवढा बोध यातून घेण्यास हरकत नाही.

भाऊरावांच्या आयुष्याकडे या दृष्टीने पाहिले तर असे दिसते की, या दोन्ही अटींची तजवीज त्यांच्या कार्यपद्धतीतच होती. त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. घराणे जैन शेतकऱ्यांचे. गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील महसूल खात्यात नोकरीस. कोल्हापुरात राजाराम हायस्कुलात शिकत असताना राजर्षी शाहू महाराजांच्या कार्याचा संस्कार त्यांच्यावर झाला. निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढल्याने समाज कसा हलतो, हे त्यांनी तेथे पाहिले. शालेय शिक्षण मात्र त्यांना पुरते साधले नाही. पदवी नाही, धन नाही आणि राजसत्तेचा आधार नाही, अशा स्थितीत त्यांनी सार्वजनिक जीवनात पाऊल टाकले. १९१० च्या सुमारास मिरजेजवळच्या दुधगाव येथे विद्यार्थी आश्रमाच्या स्थापनेत त्यांनी भाग घेतला. पुढील सर्व कार्याचे बीज तेथेच पडले होते.

पोटासाठी त्यांनी प्रथम शिकवण्या केल्या व नंतर विक्रेत्याची नोकरी धरली. किर्लोस्करवाडीचे लोखंडी नांगर, ओगल्यांची काच आणि सातारचे कूपर यांचा कारखाना यांच्याशी त्यांचा या निमित्ताने संबंध आला. नांगर विकण्यासाठी ते गावोगाव हिंडले. शेतकऱ्याचे घर, त्याचे कर्ज आणि त्याच्या मुलांची निरक्षरता त्यांनी या भ्रमंतीत डोळ्यांनी पाहिली. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचाराने जे निदान केले होते, त्याची प्रचीती त्यांना बांधाबांधावर येत होती.

१९१९ च्या विजयादशमीस, ४ ऑक्टोबर रोजी, कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहू, जेवू आणि काम करू लागली. महात्मा गांधी १९२७ मध्ये साताऱ्यास आले असता त्यांच्या हस्ते या वसतिगृहास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. मुलांना पोसण्याचा भार ज्यांच्यावर पडला त्या लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने विकले आणि अखेर मंगळसूत्रही मोडले. १९३० मध्ये त्या निवर्तल्या. संस्थेच्या उभारणीत त्यांचा वाटा भाऊरावांच्या बरोबरीचा मानला पाहिजे.

या वसतिगृहातील व्यवस्था नीट न्याहाळली म्हणजे उत्तराधिकाऱ्याच्या प्रश्नाची उकल होऊ लागते. तेथे मुलगा केवळ आश्रित नसे. त्याला शेतात राबावे लागे, दगड फोडावे लागत, स्वयंपाक व झाडलोट करावी लागे. कमवा आणि शिका या नावाने पुढे विख्यात झालेली ही योजना गरिबीवरचा उपाय म्हणून निघाली, हे खरे; परंतु तिचा परिणाम त्याहून दूरवर गेला. ज्याने आपल्या हातांनी वसतिगृहाची भिंत रचली, त्याला ती संस्था परकी वाटणे शक्य नव्हते. मोठा मुलगा धाकट्यास शिकवी, हिशेब ठेवी, शिस्त राखी. विशीच्या आत त्याला संस्था चालविण्याचे प्राथमिक शिक्षण मिळून जाई.

१९३५ च्या सुमारास साताऱ्यास ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय निघाले, त्यामागेही हाच हिशेब होता. खेड्यात शाळा काढावयाच्या तर खेड्यात राहणारा शिक्षक हवा, आणि तो बाहेरून आणून भागणार नाही. त्याला घरातच घडवावा लागेल. या शिक्षकांच्या बळावर ऐच्छिक शाळांचे जाळे डोंगरकपारीपर्यंत पोहोचले. १९४० मध्ये साताऱ्यास महाराजा सयाजीरावांच्या नावाने मोफत निवासी हायस्कूल सुरू झाले. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय, १९५४ मध्ये कऱ्हाडला सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय आणि १९५५ मध्ये साताऱ्यास आझाद शिक्षणशास्त्र महाविद्यालय निघाले. प्रत्येक नव्या शाळेबरोबर एक मुख्याध्यापक स्वतंत्रपणे उभा राही. गावकऱ्यांकडून जागा मिळवणे, इमारत उठवणे, मुले गोळा करणे ही कामे त्याला स्वतःच्या जबाबदारीवर करावी लागत. शंभर ठिकाणी शाळा चालू असताना एका माणसाने सर्वत्र लक्ष घालणे अशक्यच होते. विस्तारामुळे अधिकाराची वाटणी झाली आणि वाटणीमुळे माणसे तयार झाली.

या पद्धतीची कसोटी भाऊरावांच्या हयातीतच लागली. गांधीजींच्या हत्येनंतरच्या क्षुब्ध वातावरणात, १९४८ मध्ये, त्यांच्या भाषणावरून मुंबई सरकारशी वितुष्ट आले आणि संस्थेचे अनुदान थांबविण्यात आले. एका व्यक्तीचा शब्द साऱ्या संस्थेच्या मुळावर येऊ शकतो, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले. संस्थापकाच्या एकमुखी नेतृत्वातला हा धोका भाऊरावांचे चरित्र सांगताना लपविण्याचे कारण नाही. परंतु अनुदान पूर्ववत होईपर्यंत संस्था तगली, ती शिक्षकांच्या सोसण्यावर आणि रयतेच्या वर्गणीवर. संस्थेचा मालक कोण, या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी मिळाले होते.

म्हणूनच १९५९ मध्ये जेव्हा खरी वेळ आली, तेव्हा दुसरे भाऊराव शोधण्याचा अट्टहास करावा लागला नाही. त्यांची दाढी, काठी, घोंगडी आणि अनवाणी पाय यांचे अनुकरण कोणी करून उपयोग नव्हता. त्यांच्या एका कामाची अनेक कामे झाली आणि ती अनेकांनी उचलली. शासनाशी व समाजाशी संबंध राखण्यासाठी यशवंतराव चव्हाण यांच्यासारखा सातारच्या मातीतला नेता अध्यक्ष म्हणून लाभला. वसतिगृहात वाढून बॅरिस्टर झालेले पी. जी. पाटील संस्थेच्या सेवेत राहिले, तिचे सचिव झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. वाळवे तालुक्यातील ढवळी येथे १९२९ मध्ये जन्मलेले एन. डी. पाटील यांनी तरुणपणी साताऱ्याच्या महाविद्यालयात अध्यापन केले, कमवा आणि शिका योजनेचे काम पाहिले, इस्लामपूरच्या महाविद्यालयाची धुरा वाहिली आणि उत्तरायुष्यात दीर्घकाळ संस्थेचे चेअरमनपद सांभाळले. सत्ताधारी पक्षाशी आयुष्यभर झुंजणारा हा नेता आणि सत्ताधारी पक्षाचे धुरीण एकाच संस्थेत खांद्याला खांदा लावून काम करू शकले, ही गोष्ट सामान्य नव्हे. भाऊरावांचे नातू डॉ. अनिल पाटील हेही पुढे चेअरमन झाले. घराण्याला वर्ज्य केलेले नव्हते आणि घराण्यावाचून अडलेही नव्हते.

याच परिसरातील किर्लोस्करवाडीशी तुलना केल्यास फरक स्पष्ट होईल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये माळरानावर कारखाना उभारला आणि आपला मुलगा शंतनुराव यास अमेरिकेत यंत्रशास्त्राच्या शिक्षणासाठी पाठविले. शंतनुरावांनी तो उद्योग बापाच्या स्वप्नापलीकडे वाढविला. खाजगी उद्योगात मुलगा वारस होणे स्वाभाविक आहे. मात्र तेथेही त्याला आधी तयार करावे लागले, हे विसरता कामा नये. सार्वजनिक संस्थेत तर नुसत्या नात्याने अधिकार सिद्धच होत नाही. वर्गणी रयतेची, जागा गावाची आणि श्रम मुलांचे असतील, तर वारसाहक्कही त्यांचाच असतो.

रयत शिक्षण संस्थेचे सर्व काही निर्दोष चालले, असा याचा अर्थ नाही. राजकीय नेतृत्वाचा आधार घेतला की राजकारणाची हवाही आत शिरते. सातशेहून अधिक शाखांचा पसारा झाला की आपुलकीची जागा परिपत्रके घेतात. तथापि संस्थापकाच्या निधनानंतर सहा दशकांहून अधिक काळ ती टिकली आणि वाढली, याचे श्रेय त्यांच्या हाताखाली घडलेल्या पिढीला द्यावे लागते.

चिंता आहे ती पुढची. सातारा-सांगलीत शिक्षणसंस्था, साखर कारखाने, सहकारी बँका यांची वाण नाही. त्यांपैकी अनेक ठिकाणी संस्थापक गेल्यावर पद घरातल्या घरात फिरते आणि कर्तृत्वाची परीक्षा होतच नाही. दुसरीकडे, ज्या शिक्षकवर्गातून वारस निपजावयाचे, त्या वर्गाचेच पाय अस्थिर झाले आहेत. २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली आणि ठरावीक मानधनावर तीन वर्षे काढणे नव्या शिक्षकाच्या नशिबी आले. महाविद्यालयांतून तासिका तत्त्वावर शिकविणारे प्राध्यापक वर्षानुवर्षे कायम होण्याची वाट पाहतात. पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही, याची ज्याला शाश्वती नाही, त्याने संस्थेला आपली मानावे ही अपेक्षा अन्याय्य आहे. बॉब पेझली यांना लिव्हरपूलने ३५ वर्षे सांभाळले, तेव्हा कोठे १९७४ मध्ये ते उपयोगी पडले. माणूस मुरण्यास काळ लागतो, आणि तो काळ त्याला देण्याची तयारी संस्थेची व शासनाची असावी लागते.

वटवृक्ष हे रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह आहे. वडाच्या पारंब्या जमिनीत रुजतात, त्यांची खोडे होतात आणि मूळ बुंधा झिजला तरी झाड उभे राहते. परंतु पारंबीला जमिनीपर्यंत पोहोचू द्यावे लागते; मध्येच छाटली तर ती वाळते. कर्मवीरांच्या जयंतीस त्यांच्या प्रतिमेला हार घालताना प्रत्येक संस्थाचालकाने आपल्या हाताखालच्या तरुण शिक्षकांकडे आणि लिपिकांकडे एकवार पाहावे आणि यांतील कितीजणांना आपण रुजू दिले, याचा जमाखर्च मांडावा. आपल्यानंतर कोण, या प्रश्नाचे उत्तर त्या जमाखर्चातच सापडेल.