महर्षी कर्वे : वर्गातून कारभाराकडे



वर्षानुवर्षे फळ्यासमोर उभे राहिलेले गुरुजी मुख्याध्यापक झाले की आपण त्यांना हार घालतो, पेढे वाटतो. त्यांच्या वर्गातली मुले मात्र हिरमुसतात. गुरुजींच्याही मनाला रुखरुख लागते. खडू ठेवून हजेरीपट, पगारपत्रके आणि वरून आलेली पत्रे यांत दिवस गेला, तर आपण शिक्षक उरलो का? आपल्या देवळा परिसरात शिक्षकी पेशातील माणसे पुष्कळ घरांत आहेत. त्यांच्यासाठी आणि आपणा सर्वांसाठी आज महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र पाहू या.

कर्वे यांचा जन्म १८५८ सालचा. ते कोकणातील मुरूडचे. घरची गरिबी होती. सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी ते मुरूडहून साताऱ्यापर्यंत शंभराहून अधिक मैल पायी चालत गेले. पण अंगकाठी लहान होती. वय कमी दिसते म्हणून परीक्षा समितीने त्यांना परत पाठवले. टेबलापलीकडच्या माणसाच्या एका शब्दाने मुलाचे काय होते, हे त्यांनी असे लहानपणीच अनुभवले.

पुढे ते मुंबईत शिकले, गणिताचे पदवीधर झाले आणि तिथल्या शाळांतून शिकवू लागले. १८९१ साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांना गणित शिकवण्याचे बोलावणे आले. त्याच वर्षी त्यांची पत्नी वारली. १८९३ साली त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्यासाठी मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकले.

१८९६ साली त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम ही संस्था सुरू केली. १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला, एका झोपडीत गेला. आज त्या भागाला कर्वेनगर म्हणतात. दिवसा महाविद्यालयात गणित शिकवायचे आणि संध्याकाळी आश्रमाला लागणारे सामान घेऊन हिंगण्याची वाट पायी तुडवायची, असा त्यांचा क्रम होता. स्वभाव भिडस्त, भाषणाची सवय नाही. तरी ते दारोदार वर्गणी मागत फिरले. वर्गात गणित सोडवणारा हा माणूस आता आश्रमाच्या पैपैचा हिशेब मांडू लागला. कारण हिशेब चुकला तर उपाशी राहणार होत्या त्या आश्रमातल्या मुली.

शिकवणे आणि कारभार ही दोन्ही कामे त्यांनी सुमारे अठरा वर्षे बरोबरीने केली. १९१४ साली ते महाविद्यालयातून निवृत्त झाले आणि पूर्ण वेळ संस्थांना दिला. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. पण मोठी पदे स्वतःकडे ठेवली नाहीत. कुलपती झाले डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर. कुलगुरू झाले र. पु. परांजपे. या परांजप्यांना कर्व्यांनीच लहानपणी मुंबईला आपल्या घरी ठेवून शिकवले होते. शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्याला खुर्चीवर बसवले आणि स्वतः पुन्हा वर्गणीसाठी बाहेर पडले.

१९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी ज्या खेड्यांत शाळाच नव्हती तिथे प्राथमिक शाळा काढण्यासाठी मंडळ स्थापन केले. त्या कामाला ते आपल्या निवृत्तिवेतनातून पैसे देत. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, १०४ वर्षांचे आयुष्य जगून, ते गेले.

आम्हाला या चरित्रातून एक गोष्ट शिकावीशी वाटते. वर्गात शिक्षकाला समोरची चाळीस मुले दिसतात. कार्यालयात बसल्यावर, जे मूल अजून वर्गापर्यंत पोहोचलेच नाही, त्याचीही काळजी घ्यावी लागते. दाखल्यावर जन्मतारीख नाही म्हणून दाराशी थांबलेले, कांद्याच्या हंगामात आईबापांबरोबर शेतावर गेलेले, बहिणीला सांभाळायला घरी राहिलेले, असे मूल. त्याच्यासाठी केलेली एक सही, मारलेली एक फेरी हेही शिकवणेच आहे.

आपल्यातील जे कोणी या जूनमध्ये नव्या खुर्चीवर बसतील, त्यांना आमच्या शुभेच्छा. टेबलाच्या पलीकडे उद्या कोणी लहानखुरा मुलगा येऊन उभा राहिला, तर साताऱ्याहून परत फिरलेल्या त्या मुलाची आठवण ठेवावी, एवढीच विनंती.