पलुस्करांचे तारण

भोरच्या आमच्या शाखेत मी १९८८ साली अधिकारी म्हणून रुजू झालो. पुढच्याच वर्षी बँकांना गावे वाटून देण्याची सेवाक्षेत्र योजना आली आणि वेल्हे तालुक्याच्या हद्दीवरची काही गावे आमच्या वाट्याला आली. नसरापूरवरून मार्गासनीकडे जाणारी एस.टी. पकडायची, पुढे वाड्या पायी हिंडायच्या, असा माझा आठवड्याचा क्रम असे. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. अर्जदार दारिद्र्यरेषेखाली असला की म्हैस, शेळ्या, शिलाई यंत्र यांपैकी काहीतरी मंजूर करायचे, सरकारी अनुदान वळते करून घ्यायचे आणि उरलेले कर्ज वसूल करीत बसायचे.

अशाच एका फेरीत तोरण्याच्या बाजूच्या एका वाडीतले पन्नाशीचे गृहस्थ माझ्याकडे आले. पंचक्रोशीतल्या भजनांना ते पखवाज वाजवीत. त्यांच्या पखवाजाचे खोड चिरले होते. नवा पखवाज घ्यायचा आणि वाडीतल्या सात-आठ पोरांना शिकवायचे, एवढ्यासाठी त्यांना कर्ज हवे होते. मी यादी पाहिली. यादीत पखवाज नव्हता. वाद्यापासून उत्पन्न किती, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की नारळ, शिधा आणि कधीमधी पाच-दहा रुपये. एवढ्यावर हप्ता कसा बसणार? मी त्यांना दोन शेळ्या मंजूर केल्या. त्यांनी त्या मुकाट्याने घेतल्या आणि कर्ज वेळेवर फेडले. माझ्या वसुलीच्या तक्त्यात ते नाव कितीतरी दिवस मी कौतुकाने पाहत असे.

त्याच सुमारास भोरच्या वाचनालयातून आणलेले पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचे चरित्र मी रात्री वाचत होतो. वाचता वाचता लक्षात आले की या थोर गायकाच्या आयुष्याची एक बाजू माझ्याच खात्याची आहे. अनुदान, देणगी, कर्ज, तारण आणि शेवटी लिलाव.

पलुस्करांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडला झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार. लहानपणी उत्सवातले दारूकाम तोंडाजवळ फुटले आणि डोळे अधू झाले. अक्षरे नीट दिसत नाहीत म्हणून शाळा सुटली आणि पोराला गाणे शिकवावे असे ठरले. मिरजेच्या संस्थानिकांनी त्यांना आश्रय दिला आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांची तालीम सुरू झाली. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे ते हे बुवा. त्यांच्या घरी पाणी भरीत, पडेल ते काम करीत विष्णु वाढला.

दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानांचा गाण्याला मोठाच आधार होता. मिरज, इचलकरंजी, औंध, कुरुंदवाड या गावांची नावे वगळून आपल्या संगीताचा इतिहास लिहिता येणार नाही. पण आश्रय म्हणजे मान नव्हे. मिरजेतल्या एका समारंभाचे निमंत्रण विष्णूला आले, पण खुद्द गुरूंना आले नाही, कारण ते नुसते गवई, अशी एक हकीकत सांगतात. ती अक्षरशः तशीच घडली की नाही, हा वाद अभ्यासकांचा. एवढे मात्र खरे की १८९६ साली चोवीस वर्षांच्या या गायकाने मिरज सोडली. पोटापुरते मिळत असताना ती सोडणे हे त्या काळी वेडेपणाचेच होते.

पुढची चार-पाच वर्षे भ्रमंतीची. बडोदे झाले, सौराष्ट्र झाले, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, पंजाब झाला. दरबारांत ते गायले, बिदाग्या घेतल्या. पण कोणाच्या पदरी राहिले नाहीत. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला. आज याचे काहीच वाटत नाही. त्या काळात मात्र गाणे ऐकायचे तर एकतर राजाचा पाहुणा व्हावे लागे किंवा कोठीची पायरी चढावी लागे. आठ आणे देऊन कोणीही सज्जन कुटुंबासह गाणे ऐकू शकतो, ही कल्पनाच नवी होती. गवयाचा धनी एक राजा नसून हजार श्रोते असावेत, हा त्यामागचा हिशेब.

५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. ते कोणा राजाच्या सनदेवर उभे नव्हते. लोकांच्या देणग्या, विद्यार्थ्यांची फी आणि स्वतःच्या जलशांचे उत्पन्न यांवर चालले होते. पहिले काही दिवस तर कोणी फिरकलेच नाही. मग हळूहळू गृहस्थाश्रमी मंडळी आली, स्त्रियाही शिकू लागल्या. ही मंडळी फी देत. खरी गंमत उपदेशक वर्गाची होती. गरीब, होतकरू मुले निवडून घ्यायची, त्यांना राहणे, जेवण, कपडे, शिक्षण सगळे फुकट द्यायचे आणि मुलाने सुमारे नऊ वर्षे तेथे राहून पुढे संगीताचा प्रसार करायचा, असा करार असे. आजच्या भाषेत ही शिष्यवृत्ती. माझ्या भाषेत हे नऊ वर्षांच्या मुदतीचे विनातारण कर्ज. परतफेड पैशात नव्हती, शिकवण्यात होती.

१९०८ साली ते मुंबईला आले. महाविद्यालय वाढले, छापखाना आला, वाद्यांचा कारखाना आला. पुढे सँडहर्स्ट रोडवर स्वतःची टोलेजंग वास्तू उभी राहिली. देणग्या पुऱ्या पडल्या नाहीत, म्हणून कर्ज काढले. जलसे करून फेडू, हा भरवसा.

चरित्रातले हे प्रकरण वाचताना माझ्यातला अधिकारी अस्वस्थ झाला. इमारतीचे व्याज थांबत नाही आणि पन्नास पोरांची पंगतही थांबत नाही. दोन्हींचा भार मात्र एकाच गळ्यावर! तो गळा बसला तर? देणगीदाराला भिंतीवर नावाची पाटी हवी असते, म्हणून इमारतीला पैसे मिळतात. रोजच्या भातावर पाटी लावता येत नाही. पलुस्करांनी भात बंद केला नाही. त्यातच त्यांचे मन रामनामाकडे वळले, रामायणाची प्रवचने वाढली आणि जलशांचे उत्पन्न घटले. १९२४च्या सुमारास सावकारांनी वास्तूचा लिलाव केला. पंडितजी नाशिकला रामनाम आधार आश्रमात राहू लागले. घरातही दुःख काही थोडे नव्हते. बारा मुलांपैकी एकटा दत्तात्रेय वाचला. तो दहा वर्षांचा असताना, २१ ऑगस्ट १९३१ रोजी, मिरजेतच पंडितजींनी देह ठेवला. जेथून निघाले तेथेच परतले, तेही रिकाम्या हाताने, असे एखादा लेखापाल म्हणेल.

माझाही पहिला शेरा तोच होता. बुडीत खाते.

पण ताळेबंदाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात विद्यालय काढले. बी. आर. देवधरांची मुंबईतली शाळा त्याआधीच सुरू झाली होती. ओंकारनाथ ठाकूर पुढे बनारस हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे प्रमुख झाले. नारायणराव व्यासांच्या तबकड्या घरोघरी वाजल्या. वडिलांकडून फारसे शिकायला न मिळालेला दत्तात्रेय या गुरुबंधूंच्या हाताखाली तयार झाला आणि डी. व्ही. पलुस्कर म्हणून अजरामर झाला. मार्च १९४८ मध्ये मिरज, भोर यांसारखी संस्थाने विलीन झाली आणि दरबारी गवयांचा आधार तुटला. तेव्हा पलुस्करांच्या परंपरेतली माणसे मात्र शाळांतून, शिकवण्यांतून आपले पोट सन्मानाने भरीत होती. आजही तालुक्याच्या गावातली मुलगी मंडळाची प्रवेशिका देते आणि तिला शिकवणाऱ्याच्या घरी चूल पेटते. इमारतीवर कर्ज घेताना पंडितजींनी तारण चुकीचे दिले नव्हते. सावकाराला खरे तारण दिसले नाही, एवढेच. ते पंगतीला बसलेले होते.

हे मला १९८९ साली कळायला हवे होते. समोर बसलेला माणूस नेमके तेच मागत होता. सात-आठ पोरे शिकवीन, म्हणत होता. मी वाद्याचे उत्पन्न विचारले, पोरांचे विचारले नाही.

२०२५ साली राज्य सरकारने १८०० भजनी मंडळांना वाद्यांसाठी प्रत्येकी २५ हजार रुपयांचे भांडवली अनुदान जाहीर केल्याची बातमी वाचली आणि मी पुन्हा वेल्ह्याकडे गेलो. यादीत अखेर पखवाज आला होता! वाडीतल्या देवळात भजन चालू होते. पेटी होती, टाळ होते, पखवाज नव्हता. माझे ते कर्जदार केव्हाच वारले होते. मोठ्या कार्याला दुसऱ्या गावाहून वादक बोलावतात, असे पोरांनी सांगितले. अनुदानासाठी अर्ज करू, पखवाज येईलही. पण कणीक किती लावायची, हे दाखवणार कोण, असा त्यांचा प्रश्न होता. या प्रश्नाचे उत्तर २५ हजारांत बसत नाही.

त्या बाहेरगावच्या वादकाला महिन्यातून चार वेळा यायचे काय द्यावे लागेल, ते मी विचारून घेतले आणि वर्षभराचे मानधन माझ्या निवृत्तिवेतनातून देऊ केले. अट एकच घातली. शिकेल त्या प्रत्येक पोराने पुढे आणखी एकाला शिकवायचे. पोरांनी माना डोलावल्या. कागद केला नाही, अंगठा घेतला नाही. पाच-सहा वर्षांनी वसुलीला जावे लागेल, तोवर एस.टी.ची पायरी चढण्याइतके गुडघे चालावेत, एवढीच इच्छा आहे.